एका पत्त्यावरची चौदा माणसं

६ जानेवारी

चिरंजीव मुखदुर्बळास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तक्रार ऐक.

तुमच्या कंपनीचं ते अ‍ॅप, समोरचा बोलेल ते फोनवर अक्षरांत दाखवणारं, त्याने काल आमच्या मंडळाचं नाक कापलं. माझे कान गेल्यापासून दर शनिवारी मी ऐकू न येणाऱ्यांच्या मंडळात जाते, हे तुला माहीत आहे. रंगाच्या दुकानावरची खोली, टर्पेंटाइनचा वास, एक डुगडुगणारं टेबल आणि आम्ही चौदा जण. यंदा आम्ही शहराच्या वादविवाद स्पर्धेत नाव घातलंय. हसलास ना? तुझ्या बापानेही पाटीवर लिहून दाखवलं, “बहिरा नाचे आपल्या छंदे.” मी खाली लिहिलं, “आणि दादा बसे आपल्या खाटे.”

काल बँकेतल्या लोकांशी सरावाचा सामना होता. आमच्या संघात तिघं: मी, ग्रंथपालबाई आणि गवंडी. गवंडी जन्मापासून बहिरा, हातांनी बोलतो आणि फार तिखट बोलतो. बँकेचा पहिला वक्ता उठला, अक्षरं भराभरा पळायला लागली, आणि गडी मुद्द्यावर आला तोच चौदाच्या चौदा फोनवर एकच पाटी: “आपण फार वेळा मागणी केली आहे. कृपया थोडं थांबा.”

मी फार वेळा मागणी केली? मी? आयुष्यभर कोर्टात लघुलेखिका होते, वकिलांच्या जिभेच्या वेगाने वाक्यं टिपली, एकालाही कधी “पुन्हा सांगा” म्हटलं नाही!

मग काय, गवंडी अंदाजाने उत्तर देत बसला, आणि ग्रंथपालबाई त्याचे हात बघून ते बोलून दाखवत राहिल्या. ते बोलत होते पेन्शनवर, याने रस्त्यावरच्या वाहतुकीची चिरफाड केली. सगळे हसले. हसणं मात्र अ‍ॅपशिवायही दिसतं रे.

पहिली फेरी पुढच्या महिन्यात आहे. आयोजकांनी एकाच अटीवर घेतलंय: यंत्र बंद पडलं म्हणून “जरा थांबा” म्हटलंत की संघ बाद. तेव्हा हे काय गौडबंगाल आहे ते कळव. मेसेज नको. तुझा मेसेज म्हणजे एक अंगठा. पत्र लिही, पूर्ण वाक्यांत, क्रियापदासकट.

आशीर्वाद आहेतच.
आत्या

१३ जानेवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार आधी, खुलासा नंतर.

ती पाटी जिथून येते ना, ते काम माझ्याकडेच आहे. आमच्या दारावर एक राखणदार आहे. माणूस नाही, प्रोग्राम. वक्त्यासमोर ठेवलेला एक फोन ऐकतो, आणि तुमचा प्रत्येक फोन सेकंदा-सेकंदाला आमच्या सर्व्हरला विचारत असतो, “पुढे काय बोलले? पुढे काय बोलले?” या विचारण्याला आम्ही मागणी म्हणतो. मागील वर्षी कुणीतरी यंत्र लावून एवढ्या मागण्या केल्या की सर्व्हर आडवा झाला आणि सगळ्यांचीच अक्षरं थांबली. एका दवाखान्यात डॉक्टर काय सांगताहेत ते एका बाईंना अर्धंच कळलं. तेव्हापासून राखणदार मोजतो: एका गिऱ्हाइकाला मिनिटाला इतक्याच मागण्या. त्याहून जास्त झाल्या की पाटी.

आता गिऱ्हाईक कोण हे ओळखायचं कसं? राखणदार पत्ता बघतो. एका पत्त्यावरून येणारं सगळं तो एकाच माणसाच्या खात्यावर धरतो. तुम्ही चौदा जण एकाच पत्त्यावरून आलात, म्हणून त्याला वाटलं, एकच हावरट माणूस आहे. तुम्ही वेगवेगळ्या पत्त्यांवरून आला असतात तर पाटी आली नसती.

मर्यादा थोडी वाढवता येईल का ते बघतो. वरिष्ठ बाईंना विचारावं लागेल, आणि त्यांना विचारायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलतो. नावं ठेवायला तू कमी करत नाहीस, पण मुखदुर्बळ हे नाव बरोबर ठेवलंस.

तुझा भाचा

२४ जानेवारी

चि. मुखदुर्बळा,

शाबास, कारण कळलं की काम निम्मं होतं. तुझं पत्र आलं त्याच शनिवारी मी सगळ्यांना कामाला लावलं. चौदाही जणांनी मंडळाचा पत्ता काढून टाकून अ‍ॅपमध्ये वेगवेगळे पत्ते भरले. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाचा दिला, मी आपल्या घरचा, एकाने सासुरवाडीचा. गवंड्याकडे द्यायला दुसरा पत्ताच नव्हता, म्हणून त्याने बहिणीचा दिला. त्या दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही.

आणि तुमची कंपनी अशी आगाऊ की नव्या पत्त्यावर स्वागताचं कार्ड धाडते! “आपल्या नव्या घरी आपलं स्वागत.” बहिणीला वाटलं, भाऊ तिच्याकडे राहायला येतोय. तरातरा जिना चढून वर आली, कार्ड टेबलावर आपटलं, आणि दोघांचं हातांनी जे भांडण जुंपलं! लहानपणी दोघं याच भाषेत भांडायची, हातवारे विसरली नव्हती. आम्ही सगळे खुर्च्या वळवून बघत बसलो. शेवटी ती रडली, तो रडला, आणि आता ती दर शनिवारी येणार आहे. गवंडी हातांनी बोलतो ते ती मोठ्याने म्हणून दाखवणार, स्पर्धेतसुद्धा. सगळे तिला ताई म्हणतात.

एवढं रामायण झालं. पण अ‍ॅप? परवा पुन्हा तीच पाटी. चौदा पत्ते, चौदा पाट्या. तुझा राखणदार वाचतो तरी का काही?

आता एक गंभीर गोष्ट. तुला वाटत असेल, म्हातारीला हा छंद कशाला. सांगते. कान गेले तसे लोक माझ्याशी फार चांगलं वागायला लागले. मी काही म्हटलं की माना डोलवतात. चूक बोलले तरी डोलवतात, कारण चूक सांगायची तर लिहावं लागतं, आणि लिहायचा कंटाळा. तुझा बापच काय तो पाटीवर भांडतो, तेही एका ओळीत. बाकी माझ्याशी कुणी भांडत नाही रे. मी घरातली शोभेची वस्तू झालेय. मला कुणीतरी तोंडावर “तुमचं साफ चुकलं” म्हणायला हवंय, आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचंय. एवढ्यासाठी स्पर्धा. करंडक मिळाला तर कपाटात ठेवू.

आत्या

३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू थांबलं.

पत्ता म्हणजे घराचा नव्हे गं! चूक माझी, मीच अर्धवट लिहिलं. प्रत्येक वायफायला इंटरनेटवर एक नंबर असतो, त्याला आम्ही पत्ता म्हणतो. तुमच्या खोलीतले सगळे फोन रंगाच्या दुकानाच्या वायफायवर असतात ना? मग बाहेरून आम्हाला फक्त त्या दुकानाचं दार दिसतं. आत एक माणूस आहे की चौदा, ते दिसत नाही. तुम्ही अर्जात राजवाड्याचा पत्ता भरलात तरी दार तेच. मोबाईलचं नेट वापरलंत तरी मोबाईल कंपनी शेकडो लोकांना एकाच दारातून बाहेर काढते. आणि स्पर्धेचं सभागृह तळघरात, तिथे तर रेंजच नसते.

पण तोडगा काढलाय. सोबत एक किल्ली पाठवतोय. लोखंडी नाही हं, वेळीच सांगतो! कागदावर लिहिलेली अक्षरं-आकडे आहेत. प्रत्येकाने अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ती घालायची. मग राखणदार पत्ता बघणार नाही, किल्ली बघेल, आणि या किल्लीला चौदा जणांना पुरेल एवढी मर्यादा दिली आहे. वरिष्ठ बाईंना मी ईमेलने विचारलं. समोर जाऊन नाही विचारलं.

कुणीतरी तुझ्याशी भांडावं म्हणून मी जिवाचं रान करतोय, हे आपल्या घराण्यातच होऊ शकतं.

भाचा

२३ फेब्रुवारी

चि. मुखदुर्बळा,

पहिली फेरी जिंकलो! किल्ली अशी चालली की काय सांगू. समोर विमा कंपनीचा संघ होता. अक्षर न् अक्षर दिसलं. त्यांच्या कप्तानाने दोन वाक्यांत दोन उलट गोष्टी सांगितल्या, त्या मी त्याच्याच शब्दांत परत केल्या. बिचारा घाम पुसत बसला. चाळीस वर्षं लोकांची वाक्यं टिपल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पण परवाची उपांत्य फेरी म्हणजे जीव टांगणीला. नवख्या डॉक्टरांचा संघ. पहिलं भाषण नीट दिसलं, दुसरं अर्धं, आणि मग पाटी. चौदाही फोनवर. “जरा थांबा” म्हणायची सोय नाही. ग्रंथपालबाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी उभी राहिले आणि म्हटलं, “अध्यक्षमहाराज, समोरच्या वक्त्यांनी आपलं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगावं, मला त्यालाच उत्तर द्यायचंय.” नियमात प्रश्न विचारायला बंदी नाही. तो मुलगा गडबडला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ओठ वाचायलासुद्धा काही नव्हतं! परीक्षकांनी मान हलवली ती मला दिसली. एका गुणाने निसटलो.

डॉक्टर फसले, पण अंतिम फेरीतले शिक्षक सगळं ऐकून आहेत. ही युक्ती पुन्हा चालायची नाही.

आता सांग, तुझी किल्ली का अडकली? मी तर ती नीट जपली होती. हरवू नये म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली, आणि आमच्यासारखीच इतर पाच मंडळं आहेत त्यांनाही एकेक प्रत दिली. किल्ली शेजाऱ्याकडे द्यायचीच असते. उद्या आपली हरवली तर?

आत्या

१ मार्च

आत्या,

तूच वाचवलेला तो एक गुण तूच घालवत होतीस!

सहा मंडळं एका किल्लीवर! चौदा जणांची मर्यादा, आणि त्या संध्याकाळी सगळीकडची मिळून शंभरावर माणसं. उपांत्य फेरी चालू असताना दुसऱ्या मंडळात कुणाचं तरी व्याख्यान होतं, तेही त्याच किल्लीवर. राखणदाराने तुम्हा सगळ्यांना पुन्हा एकच माणूस धरलं.

इथे त्याहून वाईट झालंय. एकच किल्ली शहरभर फिरतेय हे वरिष्ठ बाईंनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “हा गैरवापर आहे. किल्ली रद्द करा आणि मंडळांना असल्या सवलती बंद.” चौदा तारखेला मिटिंग आहे, त्यात हे पक्कं होईल. म्हणजे अंतिम फेरीत तुम्ही पुन्हा दुकानाच्या नाहीतर सभागृहाच्या दारावर, आणि पाच मिनिटांत पाटी.

मला माहीत आहे काय करायला हवं. दार मोजायचं नाही, किल्ली मोजायची नाही, माणूस मोजायचा. पण ते मिटिंगमध्ये उभं राहून सांगायला हवं. तिथे बारा जण असतात, वरिष्ठ बाई पेन टकटक करतात, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी आजवर तिथे फक्त “हो” म्हटलंय.

रागावलो नाही. घाबरलोय.

भाचा

७ मार्च

चि. भाच्या,

मुखदुर्बळ आज लिहीत नाही, कारण आता तू तसा राहणार नाहीस.

आधी किल्लीचं. चुकलं. पाचही मंडळांतून पुसून घेतली, फळा स्वतः पुसला. मी सगळ्यांना सांगितलं की ही शेजाऱ्याकडे द्यायची किल्ली नव्हे. त्यावर गवंडी हातांनी म्हणाला, “मग कुलूप बदला, शेजारी नका बदलू.” ताईने मोठ्याने म्हटलं तेव्हा माझ्यासकट सगळे हसले.

आता तुझं. कोर्टात मी शेकडो वकील ऐकलेत. ओरडणारे हरतात आणि रडवेलेही हरतात. जिंकतो तो, जो समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षा चांगली मांडतो आणि मगच आपली मांडतो. तेव्हा पहिली दोन मिनिटं तू वरिष्ठ बाईंचा वकील हो. राखणदार का हवा, तो नसताना त्या दवाखान्यातल्या बाईंचं काय झालं, किल्ली वाटणं कसं घातक आहे, सगळं सांग. बाईंना वाटलं पाहिजे की हे आपल्यालाच का सुचलं नाही. मग विचार: “राखणदार हवाच. पण तो मोजतोय कुणाला?”

प्रश्न विचारलास की थांब. गप्प बसायला तुला येतंच, पहिल्यांदा त्याचा उपयोग कर.

आणि आमचं नाव काढू नकोस. आत्यासाठी भांडलास तर ते लाड ठरतील. जे आमच्यासारखे पाटी बघून घरी गेले आणि ज्यांना पत्र लिहायला भाचा नाही, त्यांच्यासाठी भांड. असे किती आहेत ते तुमच्याकडे कुठेतरी असेलच. ते शोध.

छातीठोक सांगते, जीभ टाळ्याला चिकटली तर पाणी पी. त्यामुळे आजवर कुणी हरलेलं नाही.

आत्या

१५ मार्च

आत्या! आत्या! आत्या!

पूर्ण वाक्यांत लिहितो, क्रियापदासकट.

तू म्हणालीस ते शोधलं. राखणदाराने सगळ्यात जास्त वेळा कुणाला हाकललं, ते पत्ते काढले. वाटलं होतं, चोर सापडतील. सापडलं काय? बहिऱ्या मुलांची शाळा. मुलींचं वसतिगृह. एक मोठं रुग्णालय. वृद्धाश्रम. सगळीकडे एका दारामागे पुष्कळ माणसं. आणि खरा चोर? तो गेल्या महिन्यात पुन्हा येऊन गेला होता. शंभर वेगवेगळ्या पत्त्यांवरून थोडं थोडं ओरबाडत होता, आणि राखणदार त्याला शंभर सज्जन समजून सलाम करत होता.

मिटिंगमध्ये उभा राहिलो. पाणी प्यायलो. आधी बाईंची बाजू मांडली. त्या मान डोलवायला लागल्या, पेन थांबलं. मग विचारलं, “तो मोजतोय कुणाला?” आणि गप्प बसलो. कुणीतरी खोकलं. मग भिंतीवर ती यादी दाखवली आणि म्हणालो, “ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं एकमेकांच्या सोबतीने जमतात. शाळेत, मंडळात, वसतिगृहात. आपण नेमकं जमलेल्यांना हाकलतोय. हे अ‍ॅप ज्यांच्यासाठी केलं, त्यांनाच आपला राखणदार चोर समजतो. आणि चोर सुटून फिरतोय.”

बाईंनी आडवं लावलं. “प्रत्येकाला वेगळी ओळख दिली तर एक लबाड शंभर ओळखी काढेल.” मी म्हटलं, “म्हणून बिल्ला प्रत्येकाचा, पण तो द्यायचा मंडळाच्या सचिवाने, ओळखीच्या माणसालाच. माणसाची मर्यादा वेगळी, मंडळाची वेगळी, सभासदांच्या संख्येवर. बिल्ला नसलेल्या पाहुण्याला तात्पुरता छोटा बिल्ला. आणि पत्त्याची मोजणी काढायची नाही, फक्त तिचं दार रुंद करायचं. मागण्यांचा खराखुरा पूर आला तरच ती आडवी येईल.” त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. चारही वेळा मी बोललो. आत्या, मी त्यांच्याशी भांडलो! त्या शेवटी म्हणाल्या, “इतके दिवस कुठे होतास?”

अंतिम फेरीच्या आधी सगळं चालू होईल. रोज उशिरापर्यंत बसतोय, पण मजेत. चौदाही जणांचे बिल्ले सचिवांच्या ईमेलवर येतील. आणि आता कान, म्हणजे डोळे, उघडे ठेवून वाच: बिल्ला म्हणजे दात घासायचा ब्रश. कितीही प्रेम असलं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. शेजाऱ्याला नाही, ताईला नाही, हरवेल म्हणून फळ्यावर तर मुळीच नाही.

तुझा भाचा (आता नुसता भाचा)

२९ मार्च

प्रिय आत्या,

निकाल मला अजून कळलेला नाही. बाबांकडून कळायच्या आधी तूच लिही, म्हणून फोन बंद ठेवलाय. पण काल मी जे पाहिलं ते आधी सांगतो.

तुमची अंतिम फेरी सुरू झाली तेव्हा ऑफिसात मी पडद्यासमोर होतो. सभागृहाचा एकच पत्ता, त्याखाली चौदा हिरवे ठिपके. वरिष्ठ बाई माझ्या मागे चहाचा कप धरून उभ्या. थोड्या वेळाने पंधरावा ठिपका आला. मग एकदम वीस, तीस. पाहुण्यांचे बिल्ले धडाधड निघायला लागले. सभागृहात चाललंय काय? जुना राखणदार असता तर दार केव्हाच लावून बसला असता. बाई म्हणाल्या, “शंभर झाले. थांबवायचं का?” मी म्हटलं, “नाही. माणसं आहेत ती. एकेक बघा, कुणीही हावरट नाही.” त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या.

शेवटपर्यंत एकही ठिपका लाल झाला नाही. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते निम्म्यांना माहीतही नव्हतं.

आता सांग. शंभर माणसं कुठून आली?

भाचा

४ एप्रिल

भाच्या,

जिंकलो!

करंडक दादाच्या खाटेसमोर ठेवलाय, मुद्दाम. त्याने पाटीवर “कानामागून आली नि तिखट झाली” असं लिहिलं, आणि मग ती पाटी पुसायचं विसरून डोळे पुसायला लागला. तो प्रश्न मिटला.

आता तुझे शंभर. विषय होता “जुन्या इमारती पाडाव्यात”. आमच्या वाट्याला पाडायची बाजू आली. शिक्षकांचा संघ जपायच्या बाजूने, आणि त्यांची कप्तान म्हणजे एक तडफदार बाई. तळघरातलं ते सभागृह जुनं, पंखे हेलिकॉप्टरसारखे. मागच्या रांगांतल्या, कान शाबूत असलेल्या लोकांना काही ऐकू येईना! आमच्यातल्या एकाने मागे वळून आपला फोन त्यांना दाखवला. अक्षरं पळताहेत. मग काय, एकाचं पाहून दुसऱ्याने अ‍ॅप उघडलं, दुसऱ्याचं पाहून रांगेने. मी व्यासपीठावरून बघते तर अख्खं सभागृह मान खाली घालून वाचतंय. त्या दिवशी तिथे सगळेच बहिरे होते आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

गवंडी उठला. ताई शेजारी. त्याने हातांनी जे सांगितलं ते ताईच्या आवाजात आणि शंभर फोनवर एकदमच उमटलं: “मी आयुष्यभर भिंती बांधल्या. म्हणून सांगतो, भिंतीवर प्रेम करू नका. आत कोण राहतं ते बघा. आत माणूस गुदमरत असेल, तर भिंत कितीही देखणी असो, पाडा.” मग टाळ्या. टाळ्या कशा ओळखल्या? पुढच्या रांगेतल्या लोकांनी हात उंच करून हलवले. आमच्यासारख्या टाळ्या. त्यांना कुणी शिकवल्या देव जाणे.

मग ती कप्तानबाई बोलली. फार छान बोलली. शब्द न् शब्द माझ्यासमोर होता. माझ्या पाळीला मी तिची बाजू आधी तिच्यापेक्षा चांगली मांडली, मग एकेक वीट काढली. ही शिकवण कुणाची ते तुला माहीत आहे. दोन गुणांनी जिंकलो. ग्रंथपालबाई चक्क ओरडल्या, आम्हाला काही ऐकू आलं नाही, तोंड बघून कळलं.

पण भाच्या, खरी गोष्ट पुढेच आहे. निकाल लागला, लोक पांगले. मी जिन्याशी आले तर कप्तानबाई उभी. मला वाटलं, अभिनंदन करेल, हात हातात घेईल, मान डोलवेल. तिने फोन काढला, अ‍ॅप उघडलं, माझ्यासमोर धरलं, आणि बोलायला लागली. अक्षरं आली: “तुमचा तिसरा मुद्दा साफ चूक होता. परीक्षक झोपले होते.”

मी म्हटलं, “चूक तुमची!” ती म्हणाली, “कशी?” मी सांगितलं. तिला पटलं नाही. ती तावातावाने, मी तावातावाने. पहारेकरी कुलूप हातात घेऊन उभा राहिला, आम्ही त्याला बाजूला केलं आणि फूटपाथवर भांडत राहिलो. ती माझं वाक्य मध्येच तोडायची, मी तिचं. तिचा एक मुद्दा मला अजून खटकतोय. पुढच्या रविवारी ती घरी येणार आहे, भांडण पुरं करायला.

आशीर्वाद, भाच्या, पोटभर आशीर्वाद. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी भांडलं रे!

तुझी आत्या